वाळीत टाकण्याचा अर्ज

भात पिवळा झाला की मला रस्ता बदलावासा वाटतो. बदलता येत नाही, कारण आमच्या बाजूने पौडकडे जायला रस्ता एकच. दसरा उलटून गेलेला असतो, सकाळी स्कूटीच्या सीटवर दव साचलेलं असतं, आणि पिरंगुटच्या कारखान्यांची रांग संपली की दोन्ही बाजूंनी कापलेल्या भाताचा वास यायला लागतो. ओलसर, थोडा गोड. पुण्याहून आलेले लोक गाडी बाजूला घेऊन फोटो काढतात. मी ॲक्सिलरेटर पिळते. मागे बसलेला नवरा म्हणतो, "अगं, कुणी मागे लागलंय का?" लागलंय, पण ते स्कूटीवरून मान वळवून सांगण्यासारखं नाही.

दोन हजार नऊ साली हाच वास मला आवडायचा. लातूरहून येऊन आम्हाला पिरंगुटात चार वर्षं झाली होती. आमच्याकडे ज्वारी आणि तूर. भात शेतात उभा कसा दिसतो हे मी इथे येऊन पाहिलं. नवरा हिंजवडीला कॉम्प्युटरवर, मी इथल्याच एका कारखान्याच्या ऑफिसात. इंग्रजीतून आलेल्या सूचना मराठीत करून मशीनशेजारी लावायच्या, हे माझ्या नोकरीतलं मला सगळ्यात आवडणारं काम. माझ्या आधी कुणा शहाण्याने पाटी लिहून ठेवली होती, 'यंत्र कार्यरत असताना हस्तक्षेप वर्ज्य.' एका ऑपरेटरने त्याचा अर्थ 'साहेबांच्या मध्ये बोलायचं नाही' असा लावला होता. मी ती पाटी उतरवली आणि लिहिलं, 'मशीन चालू असताना हात घालू नका.' केवढा अभिमान होता मला त्या पाटीचा! अवघड शब्द सोपा करून दिला की माणसाचं भलंच होतं, असं मी तेव्हा खरंच मानत होते.

मीना आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली ती त्याच वर्षी. नावावरून वाटलं, आपल्याकडचीच कुणी असेल. दार उघडलं तर गोरीपान, लांब नाकाची, आणि मराठीचं एक अक्षर येत नाही. इराणची. पुण्यात शिकायला आलेली, शहरातलं भाडं परवडेना म्हणून इतक्या लांब. मीना हे नाव त्यांच्याकडेही असतं हे मला नवीन होतं. वॉचमनने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "इरानी म्हंजे ते च्याच्या हाटेलवाले का?" मी तिला इंग्रजीत सांगितलं. ती इतकी हसली की जिन्यावरच बसली. तसं हसताना मी तिला नंतर फार थोड्या वेळा पाहिलं.

तिचं गाव गिलान नावाच्या प्रांतात, समुद्राकाठी. आपल्या डोक्यात इराण म्हणजे वाळवंट. तिच्या गावाला पाऊस, हिरवे डोंगर आणि भाताची खाचरं. पहिल्यांदा तिला मुळशीच्या बाजूला घेऊन गेले तेव्हा ती बांधावर उतरली, एक लोंबी चुरगाळून हुंगली आणि ती मुठीत धरूनच परत आली. ऊन लागतं म्हणून शेतातल्या बायकांसारखा तिने डोक्याला रुमाल बांधला. तिच्या देशात डोक्यावरून ओढणी घसरली तर पोलीस अडवतात. "इथे कुणी सांगत नाही, म्हणून बांधावासा वाटतो," ती म्हणाली.

आमच्या भाषेतले तिच्या भाषेतून आलेले शब्द वेचायचा तिला नाद लागला. कागद म्हटलं की ती ओरडायची, "हा आमचा!" अर्ज, तिचा. गुन्हा, तिचा. कैद, तीही तिचीच. मी गमतीने म्हणाले, "संकटाचे सगळे शब्द तुम्हीच दिलेत की बाई आम्हाला." ती हसली नाही. मग मला आठवलं आणि जीभ चावली.

त्या उन्हाळ्यात तिच्या देशात निवडणूक झाली होती. निकालावरून लोक रस्त्यावर उतरले, आणि तिचा धाकटा भाऊ बाबक मित्रांबरोबर मोर्चाला गेला तो घरी आलाच नाही. काही आठवड्यांनी कळलं, तुरुंगात आहे. वडील आधीच वारलेले, घरात आई एकटी. ती दर आठवड्याला धुतलेला शर्ट घेऊन तुरुंगाच्या दारात उभी राहायची. कधी शर्ट आत घेतला जायचा, कधी परत मिळायचा. आत घेतला म्हणजे मुलगा जिवंत आहे, असं ती धरून चालायची. मीना फोनवर आईला पहिला प्रश्न तोच विचारायची. फारसी मला कळत नव्हती, पण शर्टाचं उत्तर काय आलं ते मला तिच्या खांद्यांवरून कळायला लागलं.

पुण्यातल्या चौकात रविवारी तिचे पाच-सहा मित्रमैत्रिणी फलक धरून उभे राहायचे. मागणी एकच होती. ते सरकार अणुबाँबच्या मागे लागलं आहे, त्याचं तेल जगाने घेऊ नये, त्याला यंत्रं देऊ नयेत, बँकांनी व्यवहार तोडावेत. "बाँब हातात आला की मग त्यांना कुणी काही विचारणार नाही," मीना म्हणायची. "मग आतले आतच राहतील. आत्ताच पैसा आटला तर ते वाकतील." वाकतील हे ती इतक्या खात्रीने म्हणायची की आम्हीही मान डोलवायचो. खरं सांगायचं तर तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. वकील लावता येत नव्हता, स्वतः जाता येत नव्हतं, आईला एकटीला सोडून इथे बसवत नव्हतं. हातात काहीतरी हवं होतं, आणि हातात आला तो कागद.

सह्यांची कल्पना माझीच. चौकातले लोक कागदाकडे बघून पुढे जायचे. मी म्हटलं, आपल्या खासदाराला त्याच्या मतदारांच्या सह्या दाखवल्या पाहिजेत, तालुक्यातल्या, गावागावांतल्या. तो दिल्लीत बोलेल, दिल्ली तेल घेणं थांबवेल. एका ओळीत जग सुधारलं मी. मीनाने इंग्रजी मसुदा दिला, मी मराठी केला: 'सदर राजवटीवर आर्थिक निर्बंध लादण्यात यावेत.' लिहिल्यावर माझी मलाच ती हस्तक्षेपाची पाटी आठवली.

पहिल्या शनिवारी पिरंगुटच्या बसस्टॉपवर दोन तास उभ्या राहिलो. निर्बंध म्हणजे काय, हेच जो तो विचारी. एकाला वाटलं नळपट्टीचं काहीतरी आहे. चहाच्या टपरीवाल्याने मात्र कागद नीट वाचला, पुन्हा वाचला आणि मला म्हणाला, "ताई, बाँब आपल्याकडं बी हाय की. आपन फोडला तवा त्यांनी बी आपल्याला आसंच केलं व्हतं का न्हाई? मंग आपन काय टाकून दिला व्हय?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. अठ्ठ्याण्णव साली मी लातूरला कॉलेजात होते. राजस्थानात स्फोट झाल्याची बातमी आली त्या संध्याकाळी गल्लीत पेढे वाटणाऱ्यांत मीही होते. मग परदेशांनी आपल्यावर निर्बंध घातले, तर आम्हाला ते आणखीच चढलं. घाला म्हणावं, बघतो! आमच्यातल्या एकानेही तेव्हा वाकायचा विचार केला नव्हता. हे मी टपरीवर उभी राहून आठवत होते आणि मीना विचारत होती, "काय म्हणतोय?" मी सांगितलं, "चहा घेता का विचारतोय." ते माझं पहिलं खोटं भाषांतर.

त्या रात्री जेवताना मला शब्द सापडला. वाळीत. निर्बंधाला याहून चोख मराठी शब्द नाही. रोटी नाही, बेटी नाही, विस्तव नाही, पाणी नाही. गावाने एका घराशी सगळा व्यवहार तोडायचा. कुणालाही समजवावं लागणार नाही. मी कागद पुन्हा लिहिला: 'आपल्याच लोकांना तुरुंगात टाकणाऱ्या आणि बाँब बनवू पाहणाऱ्या त्या सरकारला वाळीत टाका, अशी विनंती.' वर जाऊन मीनाला वाचून दाखवला. "वाळीत," तिने दोनदा म्हणून पाहिलं आणि मान हलवली. "हा आमचा नाही."

आणि खरंच, सह्या मिळायला लागल्या. कापणीचा हंगाम, माणसं शेतातच भेटायची. आम्ही बांधाबांधाने जायचो. "वाळीत टाकायचं? टाका की मंग! तुरुंगात घालतोय म्हंजे काय!" कुणी विळा खाली ठेवून सही करी, कुणी अंगठा उठवी. मीना नुसती उभी राहायची नाही. विळा मागून घ्यायची आणि दोन-तीन मुठी भात कापून द्यायची. हात बसलेला होता तिचा. बायका बघत राहायच्या. तिने बांधलेली पेंढी बघून एकजण म्हणाली, "ही कुटल्या मावळातली?" ते दिवस चांगले होते, हे मला कबूल केलं पाहिजे. आपण काहीतरी करतो आहोत असं वाटण्यात एक नशा असते, आणि मी ती भरपूर केली.

माले गावात एका खळ्यावर झोडणी चालली होती. ठकूबाई नावाची म्हातारी पेंढ्या हातात देत होती. ती तिथली नव्हती. ताम्हिणीच्या वरच्या अंगाला कुठल्याशा वाडीत तिचं सगळं आयुष्य गेलेलं, आता थोरल्या मुलीकडे राहायला आलेली. मी सवयीने मीनाच्या भावाचं सांगून कागद वाचला. सगळ्यांनी अंगठे दिले. ठकूबाई पेंढी टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कुनाला वाळीत म्हनलीस?"

"तिकडच्या सरकारला, आजी."

"सरकार कसं वाळीत पडंल? घर पडतं." तिने हाताचा भुसा झटकला. "आमाला टाकलं व्हतं. माज्या सासऱ्याचं आन गावकीचं पालखीच्या मानावरनं वाजलं. सासरा लई आडदांड. आमच्यावर बी हात टाकायचा. गावाला वाटलं, वाळीत टाकलं म्हंजी वाकंल. वाकतोय कशाला? उलट ताठला. आदी नुसतं तोंड चालायचं, मंग उशाला कुऱ्हाड घिऊन निजाया लागला."

खळ्यावर झोडणी थांबली होती.

"आवणीला, रोपं लावाया, कुनी येईना. गिरनीवाला दळान घिईना. माजं दुसरं बाळतपन त्यात आलं. सुईन येती का? दारापतुर आली न् म्हागारी गेली, गावानं तिला बी टाकलं आसतं. पोरगं व्हतं. चार दिस ऱ्हायलं." ती शांतपणे सांगत होती, कुणाचा तरी पत्ता सांगावा तसं. "न्हाई बाय. म्या न्हाई अंगठा द्यायची वाळीताला. दुसरं काय आसंल तर सांग."

मीना माझ्या बाहीला धरून विचारत होती, "काय म्हणाली? एवढं काय म्हणाली ती?"

मी ठकूबाईकडे पाहिलं, मीनाकडे पाहिलं. मीनाच्या हातात चिखल लागलेले कागद होते. आदल्याच दिवशी शर्ट परत आला होता. मी म्हणाले, "हाताला चिखल आहे म्हणते. नंतर कधीतरी या म्हणते."

मला याची लाज वाटते. तेव्हाही वाटली होती. दया म्हणून केलं असं मी स्वतःला सांगत आले, पण त्यात दयेपेक्षा भीती जास्त होती. तो शब्द माझा होता. मी शोधला होता, मी सोपा केला होता, आणि त्या बाईने तो हातात घेऊन उलटा करून दाखवला होता. हे मीनाला कळलं असतं तर कागद तिथेच संपला असता, आणि कागद संपला असता तर तिच्याजवळ काय उरलं असतं? हा प्रश्न मी आजही स्वतःला विचारते.

सह्यांचा गठ्ठा आम्ही खासदारांच्या कचेरीत दिला. कारकुनाने पोच दिली आणि तो कपाटावर ठेवला. त्याचं पुढे काय झालं ते विचारायला दोनदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी मात्र जगातल्या मोठ्या देशांनी एकत्र बसून त्या सरकारवर नवे निर्बंध घातले. आमच्या कपाटावरच्या कागदांचा त्यात काही हात नव्हता, एवढं मलाही कळतं. तरी टीव्हीवर बातमी लागली तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मीना रडत होती आणि बोटांवर महिने मोजत होती. दिवाळीपर्यंत सुटेल. नाताळपर्यंत तर नक्कीच.

मग एकेक फोन यायला लागले. पहिल्यांदा घरून तिला पैसे पाठवणं अवघड झालं, बँक ते इकडे येऊ देईना. मग आई म्हणाली, दम्याचा पंप मिळत नाही, दुकानदार म्हणतो बाहेरून माल येत नाही. मग म्हणाली, तुरुंगाच्या दारात आता शर्ट घेतच नाहीत. तिथला माणूस म्हणाला, परक्यांना सामील झालेल्यांच्या घरच्यांना काही मिळणार नाही. सरकार काय करतंय? मीनाने विचारलं. आई म्हणाली, टीव्हीवर रोज भाषण असतं. आम्ही झुकणार नाही म्हणतात. टाळ्या वाजतात.

हे सगळं मला मीनाने तिच्या स्वयंपाकघरात सांगितलं, ओट्याला टेकून. खिडकीतून समोरचं खाचर दिसत होतं, पुन्हा पिवळं झालेलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "गेल्या वर्षी ती म्हातारी पाच मिनिटं बोलत होती. तू म्हणालीस, हाताला चिखल आहे. एवढ्या बोलण्याचा एवढाच अर्थ?"

तिला वर्षभर माहीत होतं. मी सगळं सांगितलं. सासरा, कुऱ्हाड, सुईण, चार दिवसांचं पोर. ती ओट्यावरची एकच वाटी पुन्हा पुन्हा पुसत होती.

"मला तेव्हा सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर सह्या घेतल्या नसत्यास?"

"घेतल्या असत्या," ती म्हणाली. "बाबक आत आहे. घेतल्याच असत्या. पण माहीत असून घेतल्या असत्या." वाटी खाली ठेवून म्हणाली, "मला तिच्याकडे ने. वाळीत संपतं कसं, ते विचारायचंय."

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी मीना परत गेली. शिक्षण अर्धं टाकून, सगळ्यांनी नको म्हटलेलं असताना. चौकातल्या फलकांसोबत तिचे फोटो होते, तिकडे ते कुणी पाहिले असतील का याची आम्हाला धास्ती होती. पोचल्याचा निरोप आला. आईचं बरं आहे, एवढी एक ओळ आली. मग काही आलं नाही. बाबक सुटला की नाही, मला माहीत नाही. मी ऑफिसात अजून सूचना मराठीत करते, पण हल्ली एक शब्द लिहिला की तो कुणाच्या घरात जाऊन पडेल याचा विचार करत बसते, आणि साहेब म्हणतात मी फार वेळ लावते.

तिने 'तिच्याकडे ने' म्हटलं त्या दिवशी मात्र आम्ही दोघी मालेला गेलो. खळं तेच होतं, सारवलेलं, कडेला भाऱ्यांची उडवी. ठकूबाईने मीनाला ओळखलं. "पेंढ्या बांदनारी का?" म्हणाली, आणि बसायला पोतं दिलं. सूप तिच्या मांडीवर होतं, ती तांदळातले खडे काढत होती. मीनाला आता थोडं मराठी यायला लागलं होतं. प्रश्न तिने स्वतःच विचारला, एकेक शब्द ठेवत.

"आजी, वाळीत... कसं संपलं?"

"संपतंय कुटलं? इसरलं." ठकूबाईने सूप थांबवलं. "कुनी उटवलं न्हाई, कुनी म्हाफी मागितली न्हाई. पंच म्हातारं झालं. ही माजी थोरली लग्नाला आली. आन येक दिस गिरनीवाल्यानं दळान घेतलं. मी न्हाई इचारलं का घेतलं म्हनून. डोक्यावं पिठाची पाटी घेतली न् घरी आले."

"आणि सासरा? वाकला?"

"त्यो?" म्हातारीला हसू आलं. "त्यो मरोस्तवर पाटावं बसून जेवला. त्येला काय झालंय? घरात दोन मुठी तांदूळ आसला तरी आदी त्येचं ताट. मंग बापय मान्सं. मंग पोरं. त्यातनं ऱ्हायलं तर आमी. वाळीत त्येला टाकलं व्हतं, बाय, पर उपाशी आमी ऱ्हायलो."

मी सगळं इंग्रजीत सांगितलं. ताट, पाट, दोन मुठी, एकही शब्द गाळला नाही. मीना खाली बघून ऐकत होती.

"तुजा भाऊ सुटला का गं?" ठकूबाईने विचारलं.

मीनाने नाही म्हणून मान हलवली. मग तिने वर पाहिलं आणि माझ्याकडे न वळता, म्हातारीलाच, मराठीत म्हणाली, "तिकडे पहिलं ताट सरकारचं. माझी आई शेवटी जेवते."